जामिनाची समर्थता : कात्यायनाची कसोटी आणि जुने जामीनकतबे

जुन्या दप्तरांत महजर व निवाडपत्रें यांच्या जोडीला जामीनकतबे आढळतात. संग्राहक महजर जपून ठेवतो आणि जामीनकतबा ठराविक मजकुराचा कागद म्हणून बाजूस सारतो. या उपेक्षेच्या मुळाशीं एक समजूत दिसते. ती अशी कीं, आपल्याकडे जामीन हा केवळ उपचार असे. दिलेला जामीन अपुरा आहे, असा आक्षेप घेण्याची वाट इंग्रजी न्यायपद्धतीनें दाखविली. धर्मशास्त्रग्रंथ पाहतां ही समजूत टिकत नाहीं.

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत वादी व प्रतिवादी या उभयतांकडून प्रतिभू घेण्यास सांगून त्यास ‘समर्थ’ हें विशेषण लाविलें आहे. सर्व प्रश्न या एका विशेषणाचा आहे. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत, सिद्ध झालेलें धन देणें व दंड भरणें यांकरितां हा प्रतिभू, असा अर्थ केला आणि वर्ज्य प्रतिभूंविषयीं कात्यायनाचीं वचनें दिलीं. कात्यायनाचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाहीं. निबंधग्रंथांत विखुरलेलीं त्याचीं व्यवहारविषयक वचनें म. म. पां. वा. काणे यांनीं १९३३ सालीं एकत्र करून प्रसिद्ध केलीं.

या वर्ज्य प्रतिभूंचे, आमच्या मतें, चार वर्ग पडतात. स्वामी, त्याचा अधिकारी, राजकार्यांत नेमलेला व संन्यासी यांजवर वसुलीचा जोर चालत नाहीं. कैदेंतील, दंड झालेला व संशयित यांची पत उरलेली नसते. शत्रु, मित्र व दायाद यांचा हेतु आड येतो. ज्याचा पिता हयात आहे तो स्वतंत्र नव्हे, आणि अनोळखी इसमाची तर चौकशीच होऊं शकत नाहीं. यांशिवाय द्रव्याचें माप निराळें आहे: धनकोस ऋण व राजास तितकाच दंड देण्याची ज्याची ऐपत नाहीं, तो प्रतिभू नव्हे. म्हणजे शंभरांच्या दाव्यास दोनशेंची ऐपत हवी. योग्य प्रतिभू न मिळाल्यास पक्षकारास पहाऱ्यांत ठेवावें व पहारेकऱ्याचें वेतन दिवसाअखेर त्यानेंच द्यावें. जेथें अपुरेपणाचा परिणाम इतका स्पष्ट सांगितला आहे, तेथें जामीन उपचारापुरता होता असें कसें म्हणावें?

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंतही अपिलांत हुकुमनाम्याची बजावणी तहकूब करण्यापूर्वीं तारण दिलें गेल्याची न्यायालयानें खात्री करावी लागते. कलम १४५ अन्वयें बजावणी जामिनावरही चालते. शब्द निराळे असले तरी विवंचना तीच आहे.

मराठेशाहींत वाद चालण्यापूर्वीं पक्षकार राजीनामा व वर्तणूकजामीन देत. शास्त्रांतील दर्शनप्रतिभू म्हणजे हाजीरजामीन आणि दानप्रतिभू म्हणजे मालजामीन, हें साम्य उघड आहे. तथापि तेवढ्यावरून कात्यायनाची यादी मराठी मजलशींत जशीच्या तशी चालत होती असें अनुमान करणें घाईचें होईल. त्याचा निर्णय कतब्यांवरूनच व्हावयाचा. जामीन कोणत्या गांवचा, त्याचें वतन काय, पक्षकाराशीं त्याचें नातें कोणतें, एकाच इसमानें किती वादांत जामीन घेतला, हें त्यांतूनच कळेल. याकरितां महजराबरोबर त्याचा जामीनकतबाही जपावा आणि दोन्ही कागद एकत्रच छापावेत, अशी संग्राहकांस विनंती आहे.