बदली

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडं दावणी मोकळ्या झाल्या, तवा आमचे थोरले चुलते मुंबईला निघाले. छोट्या रेल्वेनं कुर्डुवाडी, तिथनं मोठ्या गाडीनं मुंबई. परळला गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली, जेवण खानावळीत.

गिरणीत आधी ‘बदली’ म्हणून लागले. रोज पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही तर त्या दिवसाची हजेरी, नाहीतर हात हलवत माघारी. अशी पाच वर्षं काढल्यावर ते साचेखात्यात कायम झाले. घरी मनिऑर्डर नेमानं येऊ लागली.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करा, हीही मागणी होती. चुलते कायम असूनही बाहेर पडले.

संप रीतसर मागं घेतला गेलाच नाही. वर्षभर वाट बघून चुलते गावी आले आणि रोजगार हमीवर खडी फोडू लागले. “कायम होता, कशाला गेला संपात?” असं कुणी विचारलं की म्हणायचे, “गेटवर उभा राहिलेला माणूस आहे मी.”