पैठणचे भट्ट, काशीचे भट्ट

सुवर्णमहोत्सवासाठी मंडळाचे दप्तर चाळताना आम्हांस वर्गणीच्या पावत्या जुन्यात जुन्या मिळाल्या. कोणते कुटुंब कोठून चंदीगडास आले, याची नोंद मात्र एकही सापडली नाही. तेव्हा पैठणच्या भट्ट घराण्याची आठवण झाली.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीस स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) तेथील पंडितांचे अग्रणी ठरले. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ या संस्कृत ग्रंथात घराण्याचा वृत्तांत लिहून ठेवला, म्हणून तर हे सारे आज आपणांस ठाऊक आहे.

शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ यांनी यमुना-चंबळ संगमाजवळच्या भगवंतदेव राजाच्या आश्रयाने ‘व्यवहारमयूख’ रचला. इंग्रजी अमदानीत मुंबई बेट, उत्तर कोकण व गुजरात येथील न्यायालयांनी वारसाहक्काच्या बाबतीत हाच ग्रंथ प्रमाण मानला. त्याच्या आधारे तेथे बहिणीस भावाच्या वारसांत स्थान मिळाले. ती परक्या घरी गेली तरी जन्म भावाच्याच गोत्रातला, हा नीलकंठांचा युक्तिवाद. सरकारी नियमांत आयुष्य गेलेल्या आम्हांस तो फार भावतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत त्याचा अंमल चालला.

आणि १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले, ते नारायणभट्टांचे पणतू गागाभट्ट यांनी. रामेश्वरभट्टांनी पैठण सोडल्यास तेव्हा सुमारे दीडशे वर्षे लोटली होती.