मोडलेला खुबा आणि अंथरूण

वर्धेहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावर, सुमारे अठरा किलोमीटरवर, देवळी हे तालुक्याचे गाव आहे. दिवाळीनंतर तेथील एका घरी आम्ही एका आजीबाईंच्या भेटीस गेलो होतो. न्हाणीत घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे लोटले, तरी आजी खाटेवरच. ‘‘हाड जुळू द्या फादर, मंग उठवू,’’ सूनबाई म्हणाल्या. त्यात माया होती, हेळसांड नव्हती. परंतु ही समजूत आली कोठून, हे पाहण्यासाठी आम्ही थोडा इतिहास चाळला.

प्रथम जे सापडले त्याने आम्ही चकित झालो. लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी 1822 सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते की, मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आत मोडली तर वृद्धांमध्ये ती सहसा जुळत नाही. म्हणून पंधरवड्याच्या सुमारास रुग्णास उंच खुर्चीवर बसवावे आणि मग कुबड्यांवर चालवावे. हाड जुळो न जुळो, माणूस उठला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या पिढ्यांना मात्र हाडाचाच ध्यास लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या रॉयल व्हिटमन यांनी छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालण्याची पद्धत रूढ केली. त्यात तरुण निभावत. वृद्धांना शय्याव्रण होत, फुप्फुसे सुजत आणि कित्येक त्यातच जात. 1925 साली बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन धारांचा खिळा ठोकून हाड सांधले, तेव्हा लवकर उठण्याची वाट मोकळी झाली. तथापि वाट मोकळी होणे निराळे आणि चालणे निराळे.

चालविण्याचे श्रेय बव्हंशी दोन स्त्रियांकडे जाते, असे आमचे मत आहे. पहिल्या मार्जरी वॉरन. 1935 साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-दरिद्री आश्रमातील सातशेहून अधिक रुग्ण आले. कायमचे अंथरुणास खिळलेले म्हणून सोडून दिलेल्या यांतील अनेकांना वॉरनबाईंनी उभे केले व घरी धाडले.

दुसऱ्या आपल्याच, कमलाबाई निंबकर. जन्माने अमेरिकन, क्वेकर घराण्यातल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी विवाह करून त्या येथल्या झाल्या. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनविहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा काढली आणि पुढे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही तिचे रोप लावले. आंघोळ, कपडे नेसणे, स्वयंपाक ही रोजची कामे पुन्हा जमवून देणे हाच येथे उपचार. हे शास्त्र विदर्भात येऊन इतकी वर्षे झाली. देवळीच्या ओसरीवर ते अजून फारसे पोचलेले नाही.

रुग्णालयाची वाण आहे असेही नाही. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला स्त्रिया व बालकांसाठी पंधरा खाटांनी आरंभलेल्या कस्तुरबा रुग्णालयातून 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. 2010-11 मध्ये केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्याच्या पहिल्या टप्प्यात वर्धा जिल्हा होता, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पुनर्वसन कार्यकर्त्याने घरी जावे अशी तरतूद त्यात आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णास उभे करावे, हे तर आता जगभर मान्य आहे. अडते ते घरी आल्यावर. पाटावर बसून जेवण, उकिडवे बसून शौच, जमिनीलगतची खाट: कृत्रिम गोळा बसविला असेल तर डॉक्टर बहुधा नेमके हेच वर्ज्य सांगतात. त्यातून कापूस वेचणीच्या दिवसांत सारे घर शेतावर असते. आजीला धरून चार पावले चालवायचे कोणी?

सूनबाईंनाही हाच प्रश्न होता. वर्धेहून एक फिजिओथेरपिस्ट येऊन व्यायाम दाखवून गेल्या. खाटेच्या पायांखाली विटा आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून शौचाची सोय झाली. धरून चालविण्याचे काम शाळेतून दुपारी परतणाऱ्या नातीने घेतले. नाताळच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा वॉकर पुढे सारत आजी दारापर्यंत आल्या आणि चहा टाकायला नातीला त्यांनीच फर्मावले.