ब्रॅम्प्टन ब्रायनचा जमीनदार : सर रॉबर्ट हार्ली

इंग्लंडातील सतराव्या शतकाच्या यादवीचा विषय निघाला की बोलणे बहुधा क्रॉमवेल आणि राजा पहिला चार्ल्स या दोन नावांभोवती फिरते. परंतु धर्मसुधारणेचे बरेवाईट काम खेडोपाडी प्रत्यक्ष घडले ते पुष्कळ अंशी गावोगावच्या जमीनदारांच्या हातून. त्यांपैकी एकाचे चरित्र आमच्या पाळकबंधूंनी अवश्य पाहावे असे आम्हांस वाटते. हा गृहस्थ म्हणजे हेरफर्डशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगत असलेल्या ब्रॅम्प्टन ब्रायन गावचा सर रॉबर्ट हार्ली.

1579 मध्ये जन्म, ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिक्षण, 1603 मध्ये पहिल्या जेम्सच्या राज्यारोहणप्रसंगी 'नाइट' हा किताब, पार्लमेंटचे सभासदत्व, 1626 पासून काही वर्षे सरकारी टांकसाळीचे अधिपत्य. येथवर त्याचे आयुष्य त्या वर्गातील इतर कोणाही गृहस्थासारखेच होते. त्याचा वेगळेपणा चर्चमध्ये दिसे. त्या काळी गावचा पाळक निवडण्याचा हक्क अनेक ठिकाणी जमीनदाराकडे असे, आणि कित्येक जमीनदार ती जागा एखाद्या आप्ताची सोय म्हणून देऊन टाकीत. हार्लीने तसे केले नाही. त्याने प्रथम टॉमस पिअर्सन व त्याच्यानंतर स्टॅनली गौअर असे दोन प्युरिटन उपदेशक आपल्या गावी आणले. प्युरिटनांना फारसे न मानणाऱ्या त्या मुलखात ब्रॅम्प्टन ब्रायन हे उपवास, प्रार्थना व उपदेश यांचे एक ठाणे झाले.

1623 मध्ये त्याने तिसरा विवाह केला. वधू ब्रिलियाना कॉनवे. तिचे वडील नेदरलँड्समधील ब्रिल या ठाण्यावर अधिकारी असताना तिचा जन्म झाला, म्हणून हे नवलाचे नाव. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या आपल्या थोरल्या मुलाला, नेडला, तिने लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत प्रकृतीची काळजी आहे, घरून पाठविलेल्या खाऊचा उल्लेख आहे, आणि त्याच ओघात देवाच्या भयात राहण्याची आठवणही आहे. मातेने लिहिलेले इतके अकृत्रिम धार्मिक लेखन आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

1640 च्या नोव्हेंबरात भरलेल्या पार्लमेंटात हार्ली परगण्याचा प्रतिनिधी म्हणून बसला. पुढील वर्षी कॉमन्स सभेने चर्चमधील मूर्ती व चित्रे काढून टाकण्याचा हुकूम केला, आणि हार्लीने तो आपल्या भागात स्वतःच्या हाताने अमलात आणला. विगमोर येथील दगडी क्रूस त्याने घणाने फोडविला. लेंटवर्डाइन येथे खिडक्यांवरील चित्रांच्या काचा हातोड्याने बारीक करून टीम नदीत टाकविल्या. आसा राजाने मूर्तीचे चूर्ण करून ती किद्रोन ओहोळापाशी जाळली हा दाखला (2 इतिहास 15:16) त्याच्या डोळ्यांपुढे होता. तिसऱ्या गावी, एमस्ट्री येथे, मात्र पाळक आणि मंडळी आडवी उभी राहिली व त्याला परत फिरावे लागले. ती मंडळीही त्याच पवित्र शास्त्राचे वाचन ऐकत होती, हे लक्षात घेतले पाहिजे. शास्त्रातील राजाचा दाखला गावच्या जमीनदारास कितपत लागू पडतो, हा प्रश्न हार्लीला पडलेला दिसत नाही. आसा हा राजा होता. हार्लीजवळ सभेचा एक हुकूम व घरचा हातोडा होता.

1643 च्या एप्रिलात तो या कामासाठी नेमलेल्या समितीचा प्रमुख झाला. मे महिन्यात लंडनमधील चीपसाइडचा प्रसिद्ध क्रूस पाडण्यात आला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये सातव्या हेन्रीच्या चॅपलातील, इटालियन शिल्पकार तोरिजियानो याने घडविलेली वेदीही फोडली गेली.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या स्वतःच्या गावी काय घडत होते? पती लंडनमध्ये, थोरला मुलगा पार्लमेंटच्या सैन्यात, आणि सभोवार राजपक्षाचा मुलूख. ब्रिलियानाच्या मनात गाव सोडून जावे असे अनेकदा आले होते. पण पतीचे मत तिने वाड्यातच राहावे असे पडले, आणि ती राहिली. 26 जुलै रोजी राजाच्या सैन्याने वाड्यास वेढा घातला. राजाचे पत्र आले तरी तिने वाडा खाली केला नाही. आदबीच्या भाषेत अर्ज लिहून ती दिवस लोटीत राहिली. सुमारे सात आठवड्यांनी सैन्य उठून ग्लॉस्टरकडे गेले. तोवर गावातील घरे, गिरण्या आणि पिअर्सन व गौअर यांनी जेथे उपदेश केला ते चर्च, सर्व नष्ट झाले होते. ऑक्टोबर अखेरीस ब्रिलियाना आजारी पडून वारली. पुढील एप्रिलात दुसऱ्या वेढ्यानंतर वाडा पडला, जाळण्यात आला, व धाकटी मुले कैद झाली. हार्लीच्या श्रद्धेची किंमत त्याच्या अगोदर त्याच्या पत्नीने भरली, असे आम्हांस म्हणावेसे वाटते.

एवढे होऊनही तो सूडाकडे वळला नाही. 1648 च्या डिसेंबरात राजाशी तह करावा की नाही यावर मतदान झाले, तेव्हा ज्या राजाच्या सैन्याने त्याचे घर उद्ध्वस्त केले त्याच्याशी वाटाघाटी चालू ठेवण्याच्या बाजूने हार्लीने मत दिले. दुसऱ्या दिवशी, 6 डिसेंबर रोजी, लष्कराने पार्लमेंटच्या दारातच सभासद अडविले. त्यांत हार्ली व त्याचा मुलगा, दोघेही पकडले गेले. टांकसाळ 1643 मध्ये पुन्हा त्याच्याकडे आली होती. राजाच्या वधानंतर नव्या प्रजासत्ताकाच्या छापाची नाणी पाडण्यास त्याने नकार दिला आणि 1649 मध्ये ती जागाही गेली. मूर्ती फोडणारा हात राजावर मात्र उठला नाही. दोन्ही प्रसंगी तो शास्त्राचाच आधार घेत होता, असे आमचे अनुमान आहे.

अखेरची वर्षे त्याने आजारात काढली. 6 नोव्हेंबर 1656 रोजी तो मरण पावला. गावचे चर्च त्याच सुमारास पुन्हा उभे राहिले होते. तेथेच त्याचे दफन झाले. त्याचा त्याच नावाचा नातू पुढे राणी ॲनचा प्रधान झाला. या नातवाने व त्याच्या मुलाने हजारो जुनी हस्तलिखिते जमविली, आणि त्यांत मठवासी लेखकांनी संतांच्या चित्रांनी सजविलेले प्रार्थनाग्रंथही होते. 1753 मध्ये तो संग्रह राष्ट्राने 10,000 पौंडांस विकत घेतला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हार्ली घराण्याच्या नावानेच ठेवलेला आहे.