हॉकाय नकोसा होतो तेव्हा

'मॅश' ही अमेरिकन मालिका मी आत्तापर्यंत तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे. 11 सीझन, अडीचशेच्या वर भाग. घरच्यांनी माझ्यापुढे कधीच हात टेकलेत, तेव्हा तो विषय नको. पण तिन्ही वेळा एक गोष्ट अगदी तशीच झाली. चौथ्या सीझनपर्यंत डॉक्टर हॉकाय पिअर्स हा माझा जिवलग मित्र असतो. आणि आठवा येईपर्यंत त्याने तोंड उघडलं की मला उठून चहा टाकावासा वाटतो!

असं का होत असावं, यावर बरेच दिवस डोक्यात काहीतरी चाललं होतं. ते आज लिहून काढतोय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरियन युद्ध चालू आहे (1950 ते 1953). आघाडीजवळ तंबूंचं एक फिरतं लष्करी इस्पितळ. सक्तीच्या भरतीने आलेले सर्जन दिवसरात्र जखमी पोरांना शिवतात आणि मधल्या वेळात वेड लागू नये म्हणून वेडेपणा करतात. मालिका सीबीएसवर 17 सप्टेंबर 1972 ला सुरू झाली आणि 28 फेब्रुवारी 1983 ला संपली. म्हणजे तीन वर्षांचं युद्ध अकरा वर्षं चाललं. (जाता जाता, त्या युद्धात आपलीही 60वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स होती, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. त्यावर कुणी मालिका काढली नाही. असो.)

आधी 1968 साली कादंबरी आली. रिचर्ड हूकर या टोपणनावामागे हॉर्नबर्गर नावाचे सर्जन होते, जे कोरियात अशाच एका इस्पितळात काम करून आले होते. मग 1970 चा रॉबर्ट ऑल्टमनचा सिनेमा, आणि मग ही मालिका. कादंबरीतला हॉकाय लग्न झालेला. मालिकेतला सडाफटिंग, नर्सच्या मागे लागणारा, तंबूत स्वतः गाळलेली जिन पिणारा आणि लष्कराची मनसोक्त टिंगल करणारा. मूळ लेखकाला हा मालिकेतला हॉकाय शेवटपर्यंत रुचला नाही. त्यांचे राजकीय विचार उजवीकडचे, आणि हा गडी उठसूट युद्धविरोधी बोलणारा!

मला मात्र तो सुरुवातीला फार आवडतो. त्याचं कारण पहिल्याच सीझनमधल्या एका भागात सापडतं. त्याचा जुना मित्र टेबलावर त्याच्याच हाताखाली दगावतो आणि हा रडतो. युद्धात तरुण पोरं मरतात आणि डॉक्टर ते बदलू शकत नाहीत, एवढंच त्याचा कमांडर हेन्री ब्लेक त्याला सांगतो. तिथे हॉकायजवळ उत्तर नाही. विनोद करायचे कारण दुसरं काहीच करता येत नाही, हे त्याला माहीत आहे आणि आपल्यालाही.

चौथ्या सीझनमध्ये तर एक अख्खा भाग त्याने एकट्याने ओढलाय. डोक्याला मार लागलाय, झोप लागली तर धोका, म्हणून तो एका कोरियन कुटुंबासमोर नुसता बोलत राहतो. त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. तरी कंटाळा येत नाही, कारण तो जीव वाचवण्यासाठी बोलतोय. पुढे पुढे तो बोलतो तेव्हा समोरच्यांना सगळं कळत असतं आणि ते गप्प बसून ऐकतात. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

हे एका दिवसात झालं नाही. 1975 मध्ये हेन्री ब्लेक आणि ट्रॅपर दोघे गेले. 1976 मध्ये मालिकेचा मुख्य लेखक लॅरी गेलबार्ट बाहेर पडला. 1977 मध्ये फ्रँक बर्न्स गेला. आता फ्रँक म्हणजे मूर्ख, भित्रा, ढोंगी. त्याच्याशेजारी उभा राहिलेला कुणीही देवमाणूस दिसेल! त्याच्या जागी आलेला विंचेस्टर गर्विष्ठ होता, पण हुशार होता आणि सर्जन म्हणून तोडीस तोड. खाष्ट सासू गेली की सुनेचा खरा स्वभाव कळतो म्हणतात, तसं काहीसं हॉकायचं झालं.

त्यातच ॲलन आल्डा हा नट लेखक आणि दिग्दर्शकही होत गेला. एकाच मालिकेसाठी अभिनय, दिग्दर्शन आणि लेखन अशी तिन्ही एमी मिळवणारा तो पहिला माणूस. लोक सरळ म्हणतात, मालिका आल्डाच्या हातात गेली आणि प्रवचन झाली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण तिसऱ्या फेरीत एक वेगळी गोष्ट दिसली.

1975 च्या एका भागात हॉकाय आणि ट्रॅपर मिळून कर्नल फ्लॅग या तिरपागड्या हेराचं धडधाकट अपेंडिक्स काढून टाकतात. केवळ त्याला अडवायला. आपण पोट धरून हसतो. फेब्रुवारी 1979 मध्ये हॉकाय पुन्हा तेच करायला निघतो. या वेळी समोर एक कर्नल आहे, जो आपल्या पोरांना हकनाक मरणाच्या तोंडी देतोय. पण आता बीजे साफ नकार देतो. निरोगी शरीर कापायचं नाही, कारण कितीही चांगलं असो. ही हरकत बीजेचं काम करणाऱ्या माइक फॅरेलची स्वतःची होती आणि ती पटकथेत घेतली गेली. हॉकाय ऐकत नाही, कापतो. आणि बाहेर जखमींच्या गाड्या येतच राहतात.

कृती तीच. चार वर्षांपूर्वी गंमत होती, आता अंगावर येते. हॉकाय बदलला असं मला वाटत नाही. बदललं ते एवढंच की समोर 'नाही' म्हणणारा माणूस उभा राहिला.

गंमत म्हणजे आल्डाने स्वतः लिहून दिग्दर्शित केलेल्या 1977 च्या एका भागात हॉकाय रात्रभर पितो, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन अर्धवट टाकून बाहेर पळतो आणि त्याला देव मानणाऱ्या रडारवरच खेकसतो. ज्या लेखनासाठी त्याला 1979 मध्ये एमी मिळालं, त्या भागात एक स्वीडिश बाई सर्जन हॉकायपेक्षा सरस निघते आणि याला ते पचत नाही. म्हणजे हॉकाय नकोसा होतोय हे आल्डालाही दिसत होतं! तो ते लपवत नव्हता, लिहीत होता.

मग शेवटचा अडीच तासांचा भाग. अमेरिकेत दहा कोटींच्या वर लोकांनी तो पाहिला. त्यात हॉकाय सुरुवातीलाच मनोरुग्णांच्या इस्पितळात आहे. बसमध्ये लपलेले असताना शत्रूला आवाज जाऊ नये म्हणून त्याने एका बाईला तिची कोंबडी गप्प करायला दरडावलं होतं, असं तो सांगत राहतो. ती कोंबडी नव्हती, तिचं तान्हं मूल होतं. ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर शब्द होते, त्याला हा एक शब्द अकरा वर्षांच्या शेवटी उच्चारता येत नाही.

डीव्हीडीवर प्रेक्षकांच्या हशाचा आवाज बंद करायची सोय आहे. निर्मात्यांना तो हशा नकोच होता, चॅनेलने आग्रह धरला. निदान ऑपरेशनच्या दृश्यांत तो वाजणार नाही, एवढं त्यांनी मिळवलं. तिसऱ्यांदा मी हसू बंद करून पाहिलं, आणि पहिल्या सीझनपासूनच एक घाबरलेला माणूस बोलताना ऐकू आला. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असा एखादा काका असतो. लग्नकार्यात त्याच्याभोवती कोंडाळं असतं, आणि वय झाल्यावर तेच बोलणं ऐकायला कुणी थांबत नाही. काका तोच असतो. आपल्या हसण्याने काय झाकलं जात होतं, ते आपण हसायचं थांबल्यावर दिसतं.

मला नंतरचा हॉकाय अजूनही आवडत नाही, हे खरंच. पण चौथ्यांदा पाहीन तेव्हा तो बोलायला लागला की चहाला उठणार नाही, असं ठरवलंय. बघू किती जमतं ते!