मोजपट्टीचं दुसरं टोक

मागच्या महिन्यात माझी भाची घरी आली. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात जाडजूड बाड. म्हणाली, ‘‘मामू, हा माझा पोर्टफोलिओ. नोकरीसाठी द्यायचाय. तुम्ही संग्रह काढताना कविता गाळता ना, तसं जरा याचं बघून द्या.’’

मला घराच्या नकाशातलं एवढंच कळतं, की दार कुठं आणि चूल कुठं. पण गाळण्याचं काम जन्मभर केलेलं, म्हणून चष्मा पुसून बसलो. साठ पानं होती. पहिली चाळीस कॉम्प्युटरवर केलेली गुळगुळीत चित्रं. काचेच्या इमारती, त्यांच्यासमोर कुत्रं घेऊन फिरणारी परदेशी माणसं. शेवटून तिसऱ्या पानावर मात्र पेन्सिलीनं काढलेली एक बारव होती. पायऱ्या, कोनाडे, पाण्याची पातळी, सगळं मापासकट. माझी नजर तिथं थांबली.

‘‘ही कुणी मोजली?’’

‘‘आम्ही चौघांनी. तिसऱ्या वर्षी, मराठवाड्यात.’’

‘‘खाली नाव तर एकट्या तुझं आहे.’’

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘मामू, सगळेच तसं करतात. चार नावं टाकली की बघणाऱ्याला वाटतं, मग हिनं काय केलं?’’

त्या रात्री मी जुनी पुस्तकं काढली. पोर्टफोलिओ हा शब्द आपल्याकडं आला इंग्रजीतून, पण त्याचं मूळ इटालियन; पानं वाहून न्यायचं साधन, एवढाच त्याचा अर्थ. ही पानं वाहणारी माणसं आजची नाहीत, आणि भाचीचा प्रश्नही आजचा नाही.

तेराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिलार द ओनकूर नावाचा एक माणूस होऊन गेला. तो स्वतः बांधकाम करणारा होता की नुसता हिंडून पाहणारा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्याच्या वहीची चामड्याची ३३ पानं उरली आहेत, आणि ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांवर सुमारे अडीचशे चित्रं आहेत. लाँ गावच्या कॅथीड्रलचा मनोरा आहे, रँसच्या खिडक्या आहेत, पाण्यावर चालणारी करवत आहे, एक सिंहसुद्धा आहे. एका पानावर चर्चचा आराखडा आहे. त्यावरची नोंद सांगते, की हा आराखडा व्हिलारनं आणि पिएर द कॉर्बी यानं मिळून, आपसात चर्चा करून रचला. या पिएरबद्दल आज जवळजवळ काहीच माहीत नाही. पण साडेसातशे वर्षांनंतरही तो आहे, कारण त्या पानावर त्याचं नाव आहे. आणि दोन नावं लिहिल्यानं व्हिलार काही लहान झाला नाही.

आता आपल्या देशातलं उदाहरण. जयपूर संस्थानात सॅम्युअल स्विंटन जेकब नावाचे इंग्रज अभियंता होते. अल्बर्ट हॉल हे तिथलं संग्रहालय त्यांच्याच आराखड्यावर बांधलेलं. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या आश्रयानं त्यांनी १८९० पासून ‘जयपूर पोर्टफोलिओ’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पुढच्या दोन दशकांत त्याचे १२ भाग निघाले. दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री, राजस्थान इथल्या इमारतींचे बारकावे त्यात मापासह काढलेले आहेत.

मला मौज वाटली ती त्याच्या मांडणीची. राजांच्या क्रमानं नाही, धर्माच्या क्रमानंही नाही. एका भागात खांब, एकात कोरीव दरवाजे, एकात कमानी, एकात छत्र्या, शेवटच्यात झरोके. आणि पानं शिवलेली नाहीत, सुटी. कारागिरानं हवं ते पान काढावं, दुसऱ्याच्या शेजारी ठेवावं आणि ताडून पाहावं, हा हेतू. मशिदीची कमान आणि हवेलीची कमान एकाच टेबलावर. पानं कुणासाठी आहेत, हे ज्याला कळलं त्याला क्रम आपोआप सापडतो, हा धडा त्यात आहे. पण ही चित्रं काढली स्थानिक नक्षाकारांनी. उन्हात उभं राहून दगडाला दोरी त्यांनी लावली. ग्रंथ मात्र ओळखला जातो तो जेकब यांच्याच नावानं. त्या नक्षाकारांपैकी किती जणांची नावं तुम्ही-आम्ही ऐकली आहेत?

तिसरी गोष्ट अमेरिकेतली, पण ती येऊन थांबते लखनौला. फ्रँक लॉइड राइट हा विसाव्या शतकातला मोठा वास्तुरचनाकार. १९१० च्या सुमारास बर्लिनच्या एर्न्स्ट वास्मुट या प्रकाशकानं त्याच्या कामाचा पोर्टफोलिओ काढला. शिळाछापाची शंभर पानं. तो छापायला देण्यापूर्वी राइट इटलीत राहिला, आणि मुलगा व एक तरुण नक्षाकार यांना हाताशी धरून त्यानं जुनी चित्रं पुन्हा नव्यानं रेखून घेतली. बांधून झालेली घरंसुद्धा! पोर्टफोलिओ सुधारणं म्हणजे काय, ते इथं दिसतं. त्या पानांनी युरोपातल्या तरुण वास्तुरचनाकारांवर मोठी छाप पाडली.

आता त्या चित्रांकडं नीट पाहा. घराभोवती झाडं, पानं, फुलं अशी दाटलेली, की घर जमिनीतून उगवल्यासारखं दिसावं. जपानी छापचित्रांच्या वळणाची ही शैली घडवण्यात राइटच्या कार्यालयातल्या मॅरियन महोनी या बाईंचा मोठा हात होता. एमआयटीमधून १८९४ मध्ये आर्किटेक्चरची पदवी घेतलेल्या या बाई. या पोर्टफोलिओतली निम्म्याच्या आसपास चित्रं त्यांच्या रेखाटनांवर आधारलेली आहेत, असं अभ्यासक मानतात. वरचं नाव एकट्या राइटचं.

पुढं १९११ मध्ये त्यांनी वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्याशी लग्न केलं. ऑस्ट्रेलियाची नवी राजधानी कॅनबेरा कशी असावी याच्या स्पर्धेत, १९१२ मध्ये, ग्रिफिन यांचा आराखडा पहिला आला. त्याची देखणी चित्रं काढली होती मॅरियनबाईंनी. १९३५ मध्ये ग्रिफिन विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी लखनौला आले, पाठोपाठ बाईही आल्या. १९३७ मध्ये ग्रिफिन तिथंच वारले, तिथंच त्यांची कबर आहे. बाई परतल्या, आठवणींचं मोठं बाड त्यांनी लिहिलं. १९६१ मध्ये त्या गेल्या, तोवर ते छापलं गेलं नव्हतं.

हे सारं वाचताना मला माझाच पहिला संग्रह आठवला. त्यातल्या दोन कवितांच्या शेवटच्या ओळी एका मित्रानं खोडून टाकल्या होत्या, आणि त्या खोडल्या म्हणूनच त्या कविता उभ्या राहिल्या. मी त्याचे आभार कुठंही छापले नाहीत. वाटलं होतं, लोक म्हणतील, मग यानं काय केलं? तो मित्र आता नाही. भाचीला उपदेश करायचा अधिकार मला कितपत, हा प्रश्नच आहे. म्हणून उपदेश केला नाही, ही गोष्ट तेवढी सांगितली.

दुसऱ्या दिवशी आम्ही फरशीवर साठ पानं सुटी पसरून बसलो, जयपूरच्या पानांसारखी. जे पान पाहून तिला स्वतःलाच काही सांगावंसं वाटेना, ते बाजूला गेलं. कुत्रं घेऊन फिरणारे परदेशी सगळे गेले. चोवीस पानं उरली. बारव पहिल्या पानावर आली. शेजारी तिची मळकी वहीही आली. चुकलेली मापं, खाडाखोड, पुन्हा घेतलेलं माप. तिला लाज वाटत होती. मी म्हटलं, ‘‘अगं, तू विचार कसा करतेस ते इथंच तर दिसतंय.’’

राहिला नावांचा प्रश्न. तिनं खाली लिहिलं: मोजमाप चौघांचं, आणि चौघांची नावं. पुढं लिहिलं: हा उभा छेद माझा. ‘मग हिनं काय केलं’ याचं उत्तर त्या एका ओळीत मिळालं.

मग तिनं त्या तिघांना फोन केले. बोलता बोलता कळलं, की तिघांच्याही पोर्टफोलिओत तीच बारव होती, आणि प्रत्येकानं खाली एकट्याचंच नाव घातलं होतं! मोजपट्टीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, हे चौघंही विसरले होते. आता चारही ठिकाणी चार नावं आहेत.

नोकरीचं अजून कळायचं आहे.