नांगर: शेतातला आणि पाण्यातला

वाशीम जिल्ह्यातून पैनगंगा, अडाण आणि अरुणावती वाहतात, पण त्यांच्यापैकी एकीवरही बार्ज, म्हणजे सपाट तळाची जड मालवाहू नौका, चालत नाही. तरीही बार्जच्या डागडुजीत पदोपदी येणारा एक शब्द या जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे, आणि तो म्हणजे नांगर. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत नांगरापेक्षा वखरच अधिक चालत आला हे खरे, परंतु शब्दाचे आयुष्य अवजाराच्या वापरावर ठरत नाही. मराठीत शेत नांगरतात आणि जहाजही नांगरतात. पहिल्या क्रियेत नांगर चालतो, दुसरीत जहाज थांबते, क्रियापद मात्र एकच राहते.

2012 मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा मांडवी-झुआरीतील कितीतरी बार्ज अशाच नांगरून पडल्या. अशी बार्ज पुन्हा कामाला लावायची तर तिला काठावर ओढून गंजलेले पत्रे कापावे लागतात, नवे इंजिन बसवताना त्याचा दांडा पंख्याच्या दांड्याशी एका रेषेत आणावा लागतो, आणि नांगराच्या साखळीची कडी मापावी लागतात, कारण सरासरी जाडी मूळ मापापेक्षा 12 टक्क्यांहून अधिक घटली की साखळी बाद ठरते. या कामातले सुकाणू आणि खलाशी हे शब्द अरबी, इंजिन इंग्रजी. नांगर तेवढा घरचा वाटतो, आणि फसगत तेथेच होते.

शेतातला नांगर ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील 57 व्या सूक्तात 'लाङ्गल' म्हणून येतो आणि पालीत 'नंगल' होतो. तथापि लाङ्गल हा शब्द मुळात संस्कृतचा आहे का, यावरच वाद आहे. फ्रेंच पंडित ज्याँ प्रिझिलुस्की यांनी ख्मेर व मलय भाषांतील नांगरवाचक शब्दांशी नाते जोडून त्याचे मूळ आग्नेय आशियाई भाषाकुळात शोधले, तर दुसऱ्या पक्षाने कन्नड 'नेगिल', तेलुगू 'नागलि' आणि तमिळ 'नाञ्चिल' पुढे करून त्याला द्राविड ठरवले. तीन द्राविड भाषांत आरंभी 'न' आहे आणि पालीतही तो आहे, ही गोष्ट दुसऱ्या पक्षाला बळ देते. मात्र नासिक्य वर्णाच्या शेजारी 'ल' चा 'न' आपोआपही होतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल.

पाण्यातला नांगर मात्र फारसी 'लंगर' आहे. जमिनीत रुतणारा तो नांगर, म्हणून शेतातल्या शब्दाचाच तो लाक्षणिक अर्थ, ही समजूत आकर्षक असली तरी टिकत नाही, कारण बंगालीत जमिनीसाठी 'लाङल' आणि जहाजासाठी 'नोङर' असे दोन वेगळे शब्द आहेत. मग मराठीतच दोन्ही एक का झाले? बहुधा कोकणच्या खलाशाने 'लंगर' ऐकला तेव्हा तळाच्या चिखलात रुतणारे लोखंडी दात पाहून त्याला शेतातले अवजार आठवले आणि 'ल' जागीच बदलला. गुजरातीत शेतातल्या नांगराला 'हळ' म्हणतात, म्हणून तेथे अशी आठवण होण्याचे कारण नव्हते आणि 'लंगर' तसाच राहिला, हा या तर्काचा भक्कम आधार होय. अडचण तमिळची आहे: तेथे शेतातला शब्द 'नाञ्चिल' असूनही जहाजाचा 'नङ्कूरम्' झाला आहे. तेथे ध्वनिनियमानेच काम केले असे म्हणावे, आणि मराठीत त्या नियमाला शेताची साथ मिळाली असे मानावे. खलाशाची दृष्टी चुकीची नव्हतीच, कारण 1933 मध्ये केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी नौकेसाठी जो नवा नांगर घडवला, त्याचा आकार सरळ शेतातल्या फाळाचा होता.

आता इंजिनाकडे वळावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याचे नाव झाले ते लोखंडी नांगरामुळे. 1910 मध्ये या कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी वसली आणि 1946 मध्ये त्याच घराण्याने पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली. तिची डिझेल इंजिने विहिरींवर गेली तशी नौकांवरही गेली. अशा नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, फारसी नांगर लोंबतो आणि वऱ्यात, म्हणजे मागच्या भागात, धडधडते ते लाङ्गलाच्या घरात जन्मलेले इंजिन.